प्लेगच्या सुट्टीतला श्याम

आमच्या बॅचचा दहावीचा भूगोलाचा पेपर अजून व्हायचाच आहे. 2020 च्या मार्चमध्ये तो आधी पुढे ढकलला, मग रद्दच झाला आणि बाकीच्या विषयांच्या सरासरीवर मार्क मिळाले. त्यावर आम्ही आजही जोक मारतो. तुम्ही तेव्हा सातवी-आठवीत असाल, फार तर नववीत. तुमच्याकडेही असे दोन-चार जोक असतीलच. अनम्यूट झालेला माईक, सरांच्या मागे ओरडणारा कुकर, कॅमेरा बंद करून काढलेली झोप.

पण त्यानंतरचे महिने आठवायला लागलो की जोक आपोआप थांबतात. घरात एकच मोबाइल आणि त्यावर दोन भावंडांचे क्लास. कुणाच्या वडिलांचं काम सुटलेलं, कुणाची आजी हॉस्पिटलमधून परत आलीच नाही. आपण सगळे तेव्हा वाढीच्या वयात होतो आणि आपल्याला एकच प्रश्न सतत विचारला जात होता, अभ्यास चाललाय ना? आपण कसे आहोत, हे विचारायला फारसं कुणाला सुचलं नाही. त्यांचीही चूक नव्हती, सगळेच घाबरलेले होते.

म्हणून आज तुम्हाला एका मुलाची गोष्ट सांगते. त्याचीही शाळा साथीमुळे बंद पडली. त्यालाही वळकटी बांधून घरी यावं लागलं. त्याच्याही घरी शंका आली, की पोरगा खरंच शिकतोय की नुसताच दिवस ढकलतोय? फरक इतकाच, की ही गोष्ट शंभराहून जास्त वर्षांपूर्वीची आहे, साथ प्लेगची होती आणि त्या मुलाला पुढे अख्खा महाराष्ट्र साने गुरुजी म्हणायला लागला.

थांबा, पान उलटू नका! मला माहितीये, साने गुरुजी म्हटलं की शाळेच्या व्हरांड्यातला फोटो आठवतो, श्यामची आई आठवते आणि ते वाचताना किंवा बघताना रडलेली आपली आईही आठवते. माझंही तसंच होतं. पण एक गंमत बघा. आपल्याला आठवतो तो श्याम छोटा असतो. तुमच्या-माझ्या वयाकडे येणारा, सोळा-सतरा वर्षांचा श्याम आपल्याला कुणी फारसा सांगितलेलाच नाही.

विहिरीत ढकललेला मुलगा

पांडुरंग सदाशिव साने. जन्म 24 डिसेंबर 1899, गाव कोकणातलं पालगड, आज रत्नागिरी जिल्ह्यातल्या दापोली तालुक्यात. घराणं खोताचं, म्हणजे एके काळी गावात वजन असलेलं. पण पांडुरंग मोठा होईपर्यंत घरात राहिलं होतं ते मुख्यतः कर्ज. आई यशोदा, वडील सदाशिवराव. पुढे या मुलाने स्वतःच्या लहानपणावर पुस्तकं लिहिली, त्यात स्वतःला श्याम हे नाव दिलं. म्हणून आपणही त्याला इथे श्यामच म्हणू.

श्यामच्या लहानपणीची एक गोष्ट तुम्हाला आठवत असेल. पोहायला शिकायचं म्हणून तो घाबरून लपून बसला आणि आईने त्याला शोधून, फटके देऊन विहिरीवर पाठवलं. वाचताना आई कठोर वाटते. पण नीट बघा, विहिरीत आधीच पोहणारी माणसं होती. पोरगं गटांगळ्या खायला लागलं असतं, तर हात द्यायला कुणीतरी होतं. ढकलणं आणि सोडून देणं यात फरक असतो. ही विहीर लक्षात ठेवा, शेवटी परत तिच्याकडे यायचंय.

गावातलं शिक्षण संपल्यावर श्यामला पुण्याला मामाकडे पाठवलं. तिथे त्याचं मन रमलं नाही, तो परत आला. मग दापोलीच्या मिशनऱ्यांच्या शाळेत गेला. तिथे गडी खुलला. मराठी आणि संस्कृत उत्तम, कवितांचं वेड. पण घरची परिस्थिती आणखी बिघडत गेली आणि फीचे पैसे उभे राहीनात. मोठा भाऊ नोकरीला लागला होता. आपणही शाळा सोडून कुठेतरी चिकटावं, असं श्यामच्याही मनात यायला लागलं. आज आपल्या आसपास कितीजण कॉलेज सांभाळून डिलिव्हरीचं काम करतात, त्यांना ही घालमेल वेगळी समजावून सांगायला नको.

तेवढ्यात एका मित्राकडून कळलं, की औंध संस्थानात गरीब मुलांची शिकायची आणि जेवायची सोय होते. पुण्याचं औंध नव्हे हं, साताऱ्याकडचं, यमाई देवीचं औंध. तिथले राजे भवानराव पंतप्रतिनिधी, सूर्यनमस्काराचा प्रसार करणारे आणि स्वतः चित्रं काढणारे. कोकणातला पोरगा घाट चढून तिथे पोचला. हाल तिथेही चुकले नाहीत, पण शिक्षण तरी चालू राहिलं.

आणि मग औंधात प्लेग आला.

उंदीर पडायला लागले की

आपल्याला कोरोना नवा होता, पण श्यामच्या पिढीला प्लेग नवा नव्हता. ही मुलं जन्मली तीच प्लेगच्या छायेत. 1896 मध्ये तो मुंबईत आला, पुढच्या वर्षी पुण्यात थैमान घातलं आणि त्यानंतर कित्येक वर्षं तो कधी या गावात, कधी त्या गावात परत परत येत राहिला. त्या काही दशकांत भारतात प्लेगने एक कोटीहून जास्त माणसं गेली.

हा मूळचा उंदरांचा आजार. उंदीर मेला, की त्याच्या अंगावरच्या पिसवा दुसरं अंग शोधतात आणि माणसाला चावतात. म्हणून आधी घरात उंदीर मरून पडायला लागायचे आणि लोक समजून जायचे. मग कडकडून ताप आणि काखेत नाहीतर जांघेत गाठ. अँटिबायोटिक्सचा शोध लागायला अजून अनेक वर्षं होती. हाफकिन यांनी मुंबईत 1897 मध्ये लस तयार केली होती, पण लसीबद्दल लोकांच्या मनात धास्ती होती (ओळखीचं वाटतंय ना?). त्यामुळे खरा उपाय एकच, घर सोडायचं. अख्खी गावं उठून माळावर, शेतात झोपड्या बांधून राहायची. आपलं लॉकडाऊन घरात बसण्याचं होतं, त्यांचं घरातून बाहेर पडण्याचं. भीती मात्र सारखीच.

औंधच्या शाळेतली मुलं आपापल्या घरी पाठवली गेली. इतक्या धडपडीने मिळवलेली जागा श्यामच्या हातून अशी गेली. नापास झाला म्हणून नाही, खोड्या केल्या म्हणून नाही. एका पिसवेमुळे.

भिंतीपलीकडचं बोलणं

आता तो पालगडला आहे. शाळा कधी सुरू होणार, ठाऊक नाही. घरात खाणारी तोंडं जास्त, येणारा पैसा कमी. त्यात हा घोडा होत आलेला मुलगा दिवसभर समोर दिसतोय.

एका रात्री आईवडिलांचं बोलणं त्याच्या कानावर पडलं. वडील शंका घेत होते. याला खरंच शिकायचंय का? का साथीचं निमित्त पुढे करून घरी बसलाय?

हे वाचून मी थबकले. कारण लॉकडाऊनमध्ये आमच्या स्वयंपाकघरात माझ्याबद्दल हेच बोलणं झालं होतं. बाबा आईला सांगत होते, की ही दिवसभर मोबाइलमध्ये तोंड घालून असते, अभ्यासाचं नुसतं नाव. मी दाराआड होते. त्या रात्री मी जेवले नाही आणि का जेवले नाही हे कुणाला सांगितलंही नाही. आज कळतं, की त्या आठवड्यात बाबांचा पगार अर्धा झाला होता. ते माझ्यावर नाही, परिस्थितीवर चिडले होते. श्यामचे वडीलही कर्जात गळ्यापर्यंत बुडालेले. घाबरलेला मोठा माणूस कधीकधी शंकेच्या भाषेत बोलतो. पण हे सोळाव्या वर्षी कसं कळणार?

श्यामला ते बोलणं जिव्हारी लागलं. त्याने घर सोडलं आणि थेट पुणं गाठलं. त्याच पुण्यात, जिथे लहानपणी तो रमला नव्हता. तिथे जाऊन त्याने स्वतःच नूतन मराठी विद्यालयात नाव घातलं. अप्पा बळवंत चौकात पुस्तकं घ्यायला जाता ना, तिथेच बाजीराव रस्त्यावर आहे ती नूमवि.

पुस्तकी भाषेत याला जिद्द म्हणतात आणि जिद्द होतीच. पण ही गोष्ट इथेच थांबवून टाळ्या वाजवल्या, तर आपण अर्धीच गोष्ट सांगतो. पुण्यात श्याम अर्धपोटी राहिला. पैशांची चणचण रोजची. शिकत होता, चांगले मार्क मिळवत होता आणि दुखावलेला होता.

निरोप न घेता

2 नोव्हेंबर 1917. पालगडला श्यामची आई वारली. कष्टांनी आणि आजारपणाने ती आधीच झिजली होती. श्याम तेव्हा पुण्यात होता. अठरावं पूर्ण व्हायला दोन महिनेसुद्धा नव्हते. शेवटच्या वेळी त्याला तिच्याजवळ असता आलं नाही.

या ओळी लिहिताना माझ्या डोळ्यांसमोर माझ्याच वर्गातले चेहरे येतात. कुणी आजोबांना व्हिडिओ कॉलवर शेवटचं पाहिलं, कुणी तेही नाही. दहाव्याला माणसं नाहीत, रडायला खांदा नाही आणि सोमवारी परत ऑनलाइन हजेरी. असं दुःख वेळच्या वेळी बाहेर पडत नाही. ते आत साचून राहतं आणि मग कधीतरी, अगदी भलत्याच गोष्टीवरून, फुटतं.

श्यामचं दुःख बाहेर पडायला पंधरा वर्षं लागली. 1933 च्या फेब्रुवारीत, नाशिकच्या तुरुंगात, त्याने अवघ्या पाच दिवसांत एक पुस्तक लिहून काढलं. तेच श्यामची आई. आपण त्याला संस्काराचं पुस्तक म्हणतो. मला आता ते एका मुलाने आईचा उशिरा घेतलेला निरोप वाटतो.

पण आपण पुढे आलो, जरा मागे जाऊ. आई गेल्यानंतरच्या वर्षी, 1918 मध्ये, श्याम मॅट्रिक झाला. त्याच वर्षी जगभरची इन्फ्लुएन्झाची साथ मुंबईत उतरली आणि रेल्वेच्या वाटेने देशभर पसरली. तिने भारतात काही महिन्यांत एक कोटीहून जास्त बळी घेतले. म्हणजे या मुलाचं सगळं शालेय वय दोन महासाथींच्या मधे सापडलेलं होतं. तरी तो शिकत राहिला. तेव्हाच्या न्यू पूना कॉलेजात, म्हणजे आजच्या एसपीत गेला. पदवी घेतली, मग तत्त्वज्ञान शिकायला खानदेशात अमळनेरला गेला आणि 1924 मध्ये तिथल्याच प्रताप हायस्कूलमध्ये मास्तर झाला.

आता त्यांना गुरुजी म्हणायला हरकत नाही.

छात्रालयातले गुरुजी

अमळनेरला त्यांच्याकडे शाळेच्या छात्रालयाचं काम आलं. घर सोडून आलेली, परिस्थितीने गांजलेली मुलं. गुरुजींनी काय केलं असेल? शिस्तीचे नियम लावले असते, तरी कुणी नावं ठेवली नसती. ते मुलांच्या खोल्या झाडायचे, त्यांचं सामान नीट लावून ठेवायचे, कपडेसुद्धा धुवायचे. न बोलता. शेवटी मुलांनाच लाज वाटायची आणि ती स्वतः करू लागायची. कुणी आजारी पडलं, की उशाशी बसायचे. मुलांसाठी ते हाताने लिहून छात्रालय दैनिक काढायचे. छपाई नाही, जाहिरात नाही, वाचक म्हणजे छात्रालयातली मुलं. मी वर्तमानपत्रात इंटर्न आहे, रोज एक मजकूर देताना माझी काय दमछाक होते ते मला विचारा!

मला इथे काहीतरी सापडल्यासारखं वाटलं. औंधला आणि पुण्यात सोळा-सतरा वर्षांच्या श्यामला जे हवं होतं, तेच मोठेपणी गुरुजी दुसऱ्यांच्या मुलांना देत होते. जेवलास का, बरं वाटतंय का, घरून पत्र आलं का. त्यांनी आपलं हलाखीचं पोरवय मिरवलं नाही. आम्ही बघा कसे उपाशी राहून शिकलो आणि तुम्हाला सगळं आयतं, असं म्हणणं किती सोपं होतं. त्यांनी उलट केलं.

पुढचं आयुष्य तुम्हाला साधारण माहीत असेल. 1930 मध्ये नोकरी सोडून सत्याग्रहात उडी, मग अनेक तुरुंगवास. धुळ्याच्या तुरुंगात विनोबांची गीतेवरची प्रवचनं त्यांनीच उतरवून घेतली, म्हणून ती आज आपल्यापर्यंत पोचली. 1947 च्या मे महिन्यात पंढरपूरच्या विठ्ठल मंदिराचे दरवाजे दलितांना उघडावेत, म्हणून उपोषण केलं आणि दरवाजे उघडले. 15 ऑगस्ट 1948 ला साधना साप्ताहिक सुरू केलं. भारतातल्या भाषांनी एकमेकींशी बोलावं, म्हणून आंतरभारतीचं स्वप्न पाहिलं.

या सगळ्या काळात त्यांना एक शिक्का कायम चिकटला, रडका. ते सभेत गहिवरायचे, लिहिताना गहिवरायचे. लोक त्यावर हसायचे, अजूनही हसतात. आपल्याकडे कुणी हळवं दिसलं, की त्याला श्याम म्हणायची पद्धत आहे. पण हिशोब करा. हा रडका माणूस तुरुंगात गेला, हजारो वर्षांच्या रूढीसमोर उपाशी बसला, माघारी फिरला नाही. रडणं आणि कच खाणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे आपण आपल्या मित्रांना, विशेषतः मुलग्यांना, कधी सांगणार?

जे आपण टाळतो ते

आता या गोष्टीतला तो भाग, जो शाळेत बहुतेकदा एका वाक्यात उरकतात. गांधीजींच्या हत्येने गुरुजी फार खचले, प्रायश्चित्त म्हणून त्यांनी 21 दिवस उपोषण केलं. पुढची दोन वर्षंही मनाला उभारी देणारी नव्हती. 11 जून 1950 ला त्यांनी आपलं जीवन संपवलं. वय पन्नास.

हे लिहू की नको, याचा मी दोन दिवस विचार केला. न लिहिता गोड शेवट करता आला असता. संकटात सापडलेला मुलगा, जिद्दीने मोठा झाला, इति. पण ते खोटं झालं असतं, आणि तुमच्यातल्या ज्याला आज खरंच जड जातंय, त्याला त्या गोड गोष्टीने आणखी एकटं वाटलं असतं.

अशा मृत्यूचं एकच एक कारण कधीच नसतं, म्हणून मी ते सांगायला जाणार नाही. त्यात काही थोर होतं, असंही मला वाटत नाही. ते आणखी जगायला हवे होते, इतकंच वाटतं. पण एक गोष्ट कळते. सोळाव्या वर्षी तग धरली, म्हणजे जन्मभराची तग धरण्याची पावती मिळाली, असं नसतं. कॉलेजच्या वर्कशॉपमध्ये ज्याला रेझिलियन्स म्हणतात, ती लसीसारखी एकदा टोचून घेण्याची गोष्ट नव्हे. ती रोजच्या जेवणासारखी आहे. काल जेवलो होतो म्हणून आज भूक लागत नाही, असं होत नाही. आणि सगळ्यांना जेवू घालणाऱ्यालाही भूक लागते. तुमच्या ग्रुपमधला जो सगळ्यांचं ऐकून घेतो, सगळ्यांना हसवतो, त्याचं कोण ऐकतं, हे एकदा बघा.

आता त्या विहिरीकडे परत या. प्लेगने श्यामला ढकललं, तेव्हा पाण्यात हात द्यायला माणसं कमी होती. कोरोनाने आपल्याला ढकललं, तेव्हा आपल्यातल्या काहींना हात मिळाला, काहींना नाही. आपण वर आलो, कॉलेजात आलो, फेस्टमध्ये नाचतोय, सगळं नॉर्मल दिसतंय. पण तेव्हा पोटात गेलेलं पाणी काहीजणांच्या अजून पोटात आहे. कुणाला गर्दीत धडधडतं, कुणाला रात्री झोप येत नाही, कुणी त्या दोन वर्षांबद्दल एक अक्षर बोलत नाही. त्यांना कमकुवत म्हणू नका. तुम्ही स्वतः त्यातले असाल, तर स्वतःलाही म्हणू नका.

मोठं काही करायला सांगत नाही. कॉलेजच्या काउन्सेलरच्या खोलीत जायला लाज वाटत असेल, तर मित्राला दारापर्यंत सोबत न्या. कुणाशीच बोलवत नसेल, तर केंद्र सरकारची टेली-मानस ही हेल्पलाइन आहे, नंबर 14416. चोवीस तास, मोफत, आणि मराठीत बोलता येतं. हा नंबर आत्ताच सेव्ह करा. स्वतःला नको असेल, तर शेजारच्या बाकावरच्यासाठी.

मी परवा बाबांना त्या रात्रीचं विचारलं, दाराआडच्या. त्यांना काही आठवत नव्हतं. मग थोड्या वेळाने म्हणाले, की त्या दिवसांत तेही नीट झोपत नव्हते. सहा वर्षांनी आम्ही पहिल्यांदा त्यावर बोललो. चहा दोनदा गरम करावा लागला.

तुमच्याही घरात असं एखादं दार असेल. आणि तुमच्या वर्गात, होस्टेलवर, लोकलच्या डब्यात एखादा श्याम असेलच, घरून दुखावून आलेला, अर्धपोटी, मार्क मात्र चांगले मिळवणारा. त्याला अभ्यास कसा चाललाय हे विचारू नका. ते सगळेच विचारतात. जेवलास का, ते विचारा. आणि उत्तर येईपर्यंत थांबा.